कादंबरी आणि आठवी ते बारावीची मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही शिक्षक शाळा सुटल्यावर मुलांबरोबर कादंबऱ्या वाचतो. त्यावरून जिल्ह्यातल्या शिक्षकांचे, पालकांचे आणि अधूनमधून मुलांचेही प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतात. तेच प्रश्न फिरून फिरून येऊ लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सलग वाचलं पाहिजे असं नाही. अडलेला प्रश्न काढा आणि तेवढंच वाचा.

१. कादंबरीचं आशयसूत्र म्हणजे काय? गोष्टीचं तात्पर्य म्हणतो तेच ना?

नाही. तात्पर्य गोष्टीच्या शेवटी येतं आणि वाद मिटवतं. आशयसूत्र कादंबरीभर पसरलेलं असतं आणि वाद उकरून काढतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. औंध संस्थानातल्या मेंढपाळांच्या वाडीवर एक तरुण मास्तर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो, वाडीत रुळतो, आणि शेवटी दुष्काळानं वाडी उठते. इथं दुष्काळ हा विषय झाला. ‘माणसं निघून गेल्यावर उरतं ते गाव असतं का?’ हे आशयसूत्र.

मुलांना सांगायला आम्ही एक ढोबळ खूण ठरवली आहे. एका शब्दात मावतं तो विषय. प्रश्नचिन्ह लावावंच लागतं ते आशयसूत्र. समीक्षक नाक मुरडतील, पण नववीच्या वर्गात ही खूण उपयोगी पडते. ‘मैत्री’, ‘गरिबी’, ‘आईचं प्रेम’ अशी उत्तरं आली की फळ्यावर लिहायची आणि म्हणायचं, आता याचा प्रश्न करा.

२. कोणत्या इयत्तेपासून सुरू करावं?

आठवीपासून. त्याआधी गोष्टी वाचाव्यात आणि मजा घ्यावी. जोडाजोडी करायला लावू नये. बारा-तेरा वर्षांच्या आसपास मूल स्वतःकडे जरा लांबून बघू लागतं. ते सुरू झालं नसेल तर प्रश्न कितीही चांगला असो, उत्तर शिक्षकाला खूश करण्यापुरतंच येतं.

३. कोणती कादंबरी घ्यावी? जाड पुस्तक बघूनच मुलं पळतात.

मग जाड घेऊ नका. पहिली कादंबरी लहान असावी, आणि तिच्यात निर्णय घ्यावे लागणारी माणसं असावीत. ‘बनगरवाडी’ या दोन्ही कसोट्यांना उतरते, म्हणून आम्ही जवळपास दरवेळी तिच्यापासूनच सुरुवात करतो. शिवाय ही कादंबरी माणदेशातली, आणि आपला सांगोला तालुकाही माणदेशातच येतो, तेव्हा त्या माळरानाची ओळख करून द्यायला नकाशा लागत नाही.

नववी-दहावीला मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) चालते. तिच्याबद्दल प्रश्न १० मध्ये आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) अकरावी-बारावीला, तीही गाव सोडून पुण्याला शिकायला जायचं चाललंय अशा मुलांना द्यावी. खानदेशातून पुण्यात आलेल्या पांडुरंग सांगवीकरचं कॉलेजात काय होतं हे त्यांना आधीच कळलेलं बरं. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांची आहे, पण ती मोठी आहे. आम्ही तिच्यातले निवडक भागच वर्गात वाचतो. कादंबरी पूर्ण वाचलीच पाहिजे हा आग्रह शिक्षकानं स्वतःपुरता ठेवावा.

निवडताना एक चूक फार दिसते. मुलं सोलापूरची आहेत म्हणून गिरणी कामगारांचीच कादंबरी शोधायची, मुलगी आहे म्हणून मुलीचीच. आरशात बघण्यासारखं ते. चेहरा दिसतो, पण तो त्यांना ठाऊक असतोच.

४. वर्गात विचारलं, ‘तुमच्या आयुष्यात असं काही घडलंय का?’ सगळे गप्प. काय करू?

मुलं गप्प बसतात ते योग्यच करतात. हा प्रश्न एकाच वेळी फार मोठा आणि फार खाजगी आहे. साठ मुलांसमोर उभं राहून घरातलं काढायचं आणि मधल्या सुट्टीत त्यावरून चिडवून घ्यायचं, हा सौदा कोण करेल? उत्तर देणारी दोन-तीन मुलं असतात ती ठरलेली असतात, आणि त्यांची उत्तरंही.

प्रश्न लहान करा आणि पात्राच्या निर्णयाला बांधा. ‘बनगरवाडी’त सुरुवातीला पोरं शाळेत येत नाहीत, कारण मेंढरांमागं कोण जाणार? मुलं हे वाचून लगेच म्हणतात, ‘अडाणी लोक ओ सर.’ त्या वेळी वाद घालायचा नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि लिहायला सांगायचं: तुम्ही घरात नसलात तर अडतं असं एक काम. नाव घालायचं नाही.

चिठ्ठ्या गोळा करून वाचल्या की काय काय निघतं बघा. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा बॅरल भरायची. धाकट्या बहिणीला बालवाडीतून आणायचं. आई विड्या वळते, तिच्यासाठी पानं कापून ठेवायची. संध्याकाळी दुकानात बसायचं, कारण पप्पा त्या वेळी माल आणायला जातात. आजीला दवाखान्यात न्यायचं, कारण आजीला मराठी नीट येत नाही आणि डॉक्टरांना तेलुगू येत नाही.

चिठ्ठ्या वाचून झाल्या की पुस्तकातला तोच भाग पुन्हा उघडायचा. ‘अडाणी’ हा शब्द आता सहसा कुणी वापरत नाही. तुम्हाला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हेही वर्गासमोर येत नाही.

लिहिताना तीन सवलती पहिल्या दिवशीच जाहीर करून टाका. स्वतःबद्दल लिहायचं नसेल तर ‘माझ्या ओळखीच्या एकाबद्दल’ लिहावं. लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती नाही. कोरी चिठ्ठी दिली तरी चालेल. कोऱ्या चिठ्ठ्या सुरुवातीला भरपूर येतात, पुढं कमी होतात. त्या का दिल्या हे विचारायचं नाही.

५. मुलगा म्हणतो, ‘माझ्या आजोबांचंही असंच झालं.’ आणि गाडी तिथंच थांबते. पुढं काय?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि खरं तर सगळ्यात कमी विचारला जाणारा. कारण बहुतेकांना इथं काम झालं असं वाटतं. जोडलं ना आयुष्याशी? शाबास, बस खाली.

‘असंच झालं’ ही फक्त सुरुवात आहे. जोडणीचा उपयोग झाला की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं: मूल पुन्हा पुस्तकाकडे आलं का, आणि आल्यावर त्याला काही वेगळं दिसलं का? मूल स्वतःच्या आठवणीतच रमलं तर ते आठवणी सांगणं झालं. चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी कादंबरी लागत नाही.

उदाहरण घेऊन बघू. समजा एक मुलगा म्हणाला, ‘माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि सगळे देशोधडीला लागले. बनगरवाडीसारखंच.’ साम्य खरं आहे. आता फरक विचारायचा. दुष्काळ कुणी ठरवून आणला नव्हता. मिल बंद करायचं कुणीतरी ठरवलं होतं का? घरी विचारून ये. वाडी उठली तेव्हा माणसं मेंढरं घेऊन निघून गेली. मिल बंद पडल्यावर आजोबा कुठं गेले? ‘कुठं नाही, तिथंच राहिले, मग यंत्रमागावर लागले.’ म्हणजे गाव सुटलं नाही, काम सुटलं. मग दोघांपैकी कुणाचं जास्त गेलं?

या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही, म्हणूनच तो विचारायचा. मुलगा यावर भांडू लागला की शेवटचा प्रश्न: आता कादंबरीची शेवटची पानं पुन्हा वाच. मागच्या वेळी डोळ्यांखालून निसटलं असं काय दिसतंय? एखादा म्हणतो, मास्तर परका होता, तरी सगळ्यांत शेवटपर्यंत तोच राहिला. दुसरा म्हणतो, ज्यांच्याकडे मेंढरं होती त्यांना निदान घेऊन जायला काहीतरी होतं. यातलं दुसरं वाक्य गिरणीच्या नातवालाच सुचतं. त्याला मेंढपाळांविषयी काही माहीत नसतं, पण हातात काहीच न घेता बाहेर पडणं त्यानं घरात ऐकलेलं असतं.

साम्य, फरक, आणि परत पान. वेळ कमी असेल तर साम्यावरचा वेळ कापा. परत पानावर येणं कापू नका.

६. माझं मूल म्हणतं, ‘माझा या पुस्तकाशी काय संबंध?’ त्याला खरंच काही साम्य सापडत नाही.

तर मग त्याला साम्य शोधायला लावू नका. ओढूनताणून आणलेलं साम्य मुलाला स्वतःलाच खोटं वाटतं आणि मग ते पुढच्या वेळीही खोटंच आणतं.

साम्य नसलं तरी संबंध असू शकतो, आणि तो कधीकधी जास्त अवघड असतो. ‘झाडाझडती’ घ्या. धरणात जमीन गेलेल्या माणसांची ती गोष्ट आहे. शहरात वाढलेली मुलं म्हणतात, आमचं काहीच बुडालं नाही. बरोबर आहे. आता विचारा, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं? उजनीतून. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतली अनेक गावं त्याच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक मोबाईल घेऊन बघायला जातात. मुलांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. ते मंदिर कुणाच्या तरी गावात होतं, हे त्या व्हिडिओत नसतं.

इथं वर्गातलं वातावरण बदलतं. आतापर्यंत मुलं स्वतःला नायकाच्या जागी ठेवून वाचत असतात. आपण गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला उभे असू शकतो, ज्यांच्यासाठी धरण झालं त्यांच्यात असू शकतो, हे पहिल्यांदा सुचतं. माझ्या मते वर्षात एकदा तरी हा अनुभव मुलांना यावा. मात्र अपराधी वाटायला लावून सोडून देऊ नका. चौदा वर्षांच्या पोरानं धरण बांधलेलं नाही. आता कादंबरीतल्या अधिकाऱ्यांचे संवाद पुन्हा वाचायला सांगा. ते आधीइतके खलनायक वाटतात का? काहींना वाटतात, काहींना नाही. दोन्ही चालेल, कारण सांगता आलं पाहिजे.

७. आमची शाळा शहराच्या पूर्व भागात आहे. मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. मराठी कादंबरीशी ती जोडली कशी जाणार?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. ‘बनगरवाडी’तली मेंढपाळांची बोली जुळे सोलापुरातल्या मराठी घरातल्या मुलालाही कळत नाही. तिथं सगळेच एका रेषेवर येतात. उलट सांगोल्याकडून आलेलं एखादं धनगराचं पोर मागच्या बाकावर बसलेलं असतं, त्याला मेंढरांमधलं सगळं ठाऊक असतं. त्या आठवड्यात वर्गाचा जाणकार तो. हे एकदा घडलं की पुढच्या वेळी विणकर पद्मशाली घरातल्या मुलीलाही मागाविषयी बोलायला अवघड वाटत नाही.

पहिला मसुदा घरच्या भाषेत लिहू द्या. लिपी येत नसेल तर देवनागरीत. नंतर मराठी करताना आजीचं एखादं वाक्य आजीच्याच भाषेत राहिलं तर खोडू नका. शुद्धलेखन तपासायला वेगळा तास ठेवा, या तासाला लाल पेन पिशवीतच असू द्या.

८. सोलापूरशी थेट संबंध असलेली कादंबरी आहे का?

आहे, आणि ती इथं फारशी वाचली जात नाही याचं नवल वाटतं. विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’ (१९५०). विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांनी नोकरी केली होती आणि त्या अनुभवातून ही कादंबरी आली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं, आणि त्या माणसांना सेटलमेंटमध्ये, म्हणजे तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, ठेवलं जाई. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र सोलापूरकरांच्या तोंडात अजून आहे. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो बरोबर नेऊन सोडतो.

अकरावीच्या आत ही कादंबरी देऊ नये असं मला वाटतं. दिली तर आशयसूत्राचा प्रश्न असा ठेवता येतो: एखाद्याविषयी आधीच ठरवून ठेवलं की तो काय करू शकतो? मुलांच्या आयुष्यात हा प्रश्न रोज असतो. ‘त्या वस्तीतली आहे’, ‘ड तुकडीतला आहे’, ‘भाऊ नापास झाला म्हणजे हाही होणार’. पण जपून. ड तुकडीत असणं आणि कुंपणात जन्मणं एका मापाचं नाही, हे शिक्षकानं स्पष्ट सांगितलं पाहिजे. फरकाचा प्रश्न (प्रश्न ५) इथं टाळलाच, तर मोठं दुःख लहान होऊन जातं. शिवाय वर्गात त्या वस्तीतलं मूल असू शकतं. त्यासाठी पुढचं उत्तर आधी वाचा.

९. कादंबरीत जात आली की वर्ग एकदम थंड पडतो. टाळावं का?

टाळू नका, पण तयारीशिवाय उतरूही नका.

कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाच्या वतीनं बोलायला लावायचं नाही. ‘तू सांग रे, तुमच्यात कसं असतं?’ हे वाक्य कितीही प्रेमानं उच्चारलं तरी ते मूल त्या क्षणी विद्यार्थी राहत नाही, नमुना होतं. ज्यांना जातीचा त्रास कधी झाला नाही अशा मुलांना उलट विचारता येतं: या पात्राला घरातून बाहेर पडताना ज्या गोष्टींचा विचार करावा लागतो, त्यातल्या कोणत्या तुम्हाला कधीच कराव्या लागल्या नाहीत? पाणवठा, आडनाव, कुणाच्या घरात कुठवर जायचं. या यादीनं पुस्तकाशी नातं जोडलं जातं आणि कुणालाही उभं राहावं लागत नाही.

जातिवाचक शिव्या पुस्तकात असतील तर तो उतारा मोठ्यानं वाचू नका, मनात वाचू द्या. लेखकानं शिवी लिहिली ती जखम दाखवायला. ती वर्गात घुमली की जखम नव्यानं होते. मुलं हसली तर पुस्तक मिटा, तिथंच बोला.

शरणकुमार लिंबाले अक्कलकोट तालुक्यातले, म्हणून ‘अक्करमाशी’ घेऊ का असं अनेकजण विचारतात. घ्या, पण ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, हे मुलांना आधी सांगा. कादंबरीतल्या पात्राविषयी ‘त्यानं असं करायला नको होतं’ म्हणणं वेगळं आणि जिवंत माणसाच्या लहानपणाविषयी म्हणणं वेगळं.

१०. ‘शाळा’ वाचायला दिली तर पालक म्हणतात, ‘पोरांना प्रेम शिकवताय का?’

पालकांना आधी विश्वासात घ्या, पुस्तक वाटल्यानंतर नाही. बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं. सिनेमा पाहिलेला असतो किंवा तोही नाही. एक प्रत घरी वाचायला द्या. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे मित्र आणि त्याला आवडणारी शिरोडकर हे सगळं खरं, पण तो काळ आणीबाणीचा आहे हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. घरात आणि शाळेत कोण कुणाला गप्प करतं, हेही त्या पुस्तकात आहे.

मुलांना ‘तुम्हाला कुणी आवडतं का?’ असं चुकूनही विचारू नका. शिरोडकरच्या बाजूनं विचारा. सगळी गोष्ट मुकुंद सांगतो. तिला काय वाटत होतं हे आपल्याला किती कळतं? तिच्यामागे जाणं, तिच्याविषयी मित्रांत बोलणं हे तिच्या जागी बसून कसं दिसेल? मुली या प्रश्नावर खूप बोलतात आणि मुलं ऐकतात. घरी सांगायलाही हे बरं पडतं. हा प्रश्न ऐकल्यावर आमच्याकडे कुठल्या पालकांची तक्रार टिकलेली नाही.

११. मुलानं जोडणी करताना काही गंभीर लिहिलं तर? मारहाण, लग्न ठरवलंय, किंवा त्याहून वाईट?

तो क्षण कादंबरीचा नाही. वही बाजूला ठेवा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा: तुम्ही लिहाल ते मी वर्गात फोडणार नाही, पण कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नका, कारण ते पाळता येत नाही.

लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही. मुलीचं लग्न ठरवत असतील तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालते. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलाची चौकशी तुम्ही करू नका. ऐका, त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं टिपून ठेवा, पुढचं प्रशिक्षित माणसांवर सोपवा.

आणि लगेच ‘मग त्या पात्रासारखं धीरानं घे’ असं सांगू नका.

१२. ‘श्यामची आई’ वाचताना मुलं म्हणतात, ‘हे तर मारणं झालं.’ काय उत्तर द्यावं?

उत्तर द्यायची घाई कशाला? पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, हे आहेच पुस्तकात. १९३५ साली आलेल्या पुस्तकात आई जे करते ते आजच्या शाळेत शिक्षकानं केलं तर गुन्हा ठरेल. साने गुरुजींचा बचाव करायची जबाबदारी आपल्यावर नाही. त्यांना तिची गरजही नाही.

दोन प्रश्न विचारावेत. आईला कशाची भीती वाटत होती? लोक पोराला भेकड म्हणतील याची. आज तुमच्या घरात कोणत्या नावाची भीती आहे? नापास, बिनकामाचा, ‘शेजारच्यांचा बघ’. त्या भीतीपोटी घरचे काय काय करतात? हात उचलत नसतील, तर दुसरं काय? क्लास, मोबाईल काढून घेणं, चार दिवस न बोलणं. मग पुन्हा पुस्तकाकडे: मारल्यानंतर आई काय करते, श्याम काय समजतो, आणि मोठा झालेला श्याम ही गोष्ट सांगताना कुणाच्या बाजूनं सांगतो?

एखादी मुलगी म्हणेल, ‘तरीपण मारायला नको होतं.’ म्हणू द्या. पुस्तक आवडणं आणि त्यातल्या एका गोष्टीशी न पटणं एकाच डोक्यात राहू शकतं.

१३. मूल अनुभव रचून लिहितं, किंवा एआयकडून लिहून आणतं. कसं ओळखायचं?

रचलेलं असलं तर फारसं बिघडत नाही. ‘ओळखीच्या एकाबद्दल’ लिहिण्याची मुभा (प्रश्न ४) म्हणजे थोडं रचायचीही मुभा. पुष्कळ मुलं खरं सांगायलाच काल्पनिक माणूस उभा करतात. पकडायला जाऊ नका.

एआयचं लिखाण गुळगुळीत असतं. त्यात ‘आजी’ असते, पण ती कुठल्या गल्लीत राहते, काय बोलते, कशावर चिडते हे नसतं. पण ओळखण्यापेक्षा काम असं द्या की ते बाहेरून आणता येणार नाही. दहा ओळी, हातानं, वर्गातच. पानाचा क्रमांक हवा, आणि पात्राच्या व तुमच्या परिस्थितीतला एक फरक हवा. घरी कुणाला तरी एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर बोलल्या शब्दांत आणायला सांगितलं तर अजून बरं.

१४. दहावीच्या स्वमतात हे कामाला येतं का? मार्क मिळतात का?

येतं. कृतिपत्रिकेत स्वमत, अभिव्यक्ती, रसग्रहण हे प्रश्न असतातच. उताऱ्यातलं नेमकं काय त्याबद्दल बोलताय ते आधी, मग स्वतःचं उदाहरण दोन-तीन ओळींत, मग पुन्हा उतारा. प्रश्न ५ चीच ही छोटी आवृत्ती. गाईडातली ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात तपासणाऱ्यानं त्या दिवशी गठ्ठाभर वाचलेली असते. तिथं ‘आमच्या गल्लीत पाणी रात्री दोनला येतं’ असं वाक्य आलं की डोळे थांबतात. मार्कांची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि फक्त मार्कांसाठीच करायचं असेल तर कादंबरी नको, सराव पत्रिका पुरे.

१५. पुस्तक न वाचताच येणाऱ्यांचं काय? सिनेमा चालेल का?

न वाचणाऱ्यांना बाहेर बसवू नका. तासाची पहिली पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन करा, त्या पानांवरच बोला. सिनेमा पुस्तकानंतर बघावा. ‘बनगरवाडी’ आणि ‘शाळा’ दोन्हींवर मराठी चित्रपट आहेत. आधी पाहिला तर मुलं पुस्तकातल्या मास्तराला नटाचाच चेहरा लावतात, मग त्या जागी स्वतःला ठेवायला जागा राहत नाही.

१६. मी शिक्षक नाही, आई आहे. घरी काय करू शकते?

तेच पुस्तक तुम्हीही वाचा. याला दुसरा मार्ग नाही. मग चौकशी करू नका, स्वतःचं सांगा. ‘मला ‘बनगरवाडी’तला हा कारभारी बघून आपल्या मोठ्या काकांची आठवण झाली, पण काका इतकं ऐकून घेत नसत.’ एवढं बोलून भाकरी थापत राहा. मूल लगेच काही बोलेल असं नाही. समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नापेक्षा गाडीवर मागं बसलेल्या मुलाशी गड्ड्याच्या यात्रेला जाताना झालेलं बोलणं जास्त पुढं जातं.

मुलाची वही उघडून बघू नका. बघितलीच तर त्यावरून बोलू नका. पुढच्या खेपेला तो वही भरेल, पण तुम्हाला दाखवायला.

१७. वर्गात साठ मुलं आणि पुस्तकाच्या दोनच प्रती. मग?

चार-पाच पानांचा एक उतारा एका तासाला पुरतो. मोठ्यानं वाचला तर दोन प्रती पुष्कळ झाल्या. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. शाळेच्या नावानं सभासद व्हा. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या ग्रंथपालांना आधी पुस्तक वाचायला द्या. मग कपाट लवकर उघडतं.